सासूबाईंचा भिंतीसाठीचा फोटो

माझ्या सासूबाईंच्या पित्ताशयात खडे होते आणि ते काढायचे की नाही, हे माझ्या फोटोग्राफीवर अवलंबून होतं. हे डॉक्टरांना कसं समजावून सांगायचं ते आम्हाला कळेना. नवऱ्याने एकदा प्रयत्न केला. आई घाबरते का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "घाबरत नाही हो, तिचा फोटो चांगला येत नाहीये." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

हे समजायला आमच्या पडवीतली भिंत पाहायला हवी. तिथे सासऱ्यांचा फोटो आहे. सासरे गेले तेव्हा त्यांचा एकही धड फोटो घरात सापडला नाही. लग्नाच्या फोटोत ते होते, पण त्यांच्या तोंडासमोर कुणीतरी आहेराची परात धरली होती. शेवटी मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. कार्डासाठी फोटो काढायला माणसं आली तेव्हा सासरे शेतात चिखलणी करत होते, तिथून हाक मारून त्यांना आणलं होतं. केस उभे, एक डोळा मिटत आलेला, तोंड अर्धवट उघडं. मोठा केल्यावर ते असे दिसू लागले, की नारळ चोरताना पकडलेला माणूस 'तो मी नव्हेच' असं म्हणायच्या बेतात आहे. खरं तर माझे सासरे देखणे होते. भजनाला उभे राहिले की समोरच्या बायका टाळ्यांचा ताल चुकायच्या, असं सासूबाई अजून सांगतात आणि सांगताना त्यांना अजून राग येतो. पण घरी येणारा पाहुणा भिंतीकडे बघतो आणि पटकन नजर चहाच्या कपात घालतो.

तर खड्यांचं दुखणं दुसऱ्यांदा उठलं आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी अट घातली.

"ऑपरेशन करतलंय. पण पयलो माझो फोटो. माका काय झाला, तर तुमी ता आधारकार्ड मोठा करून टांगतलात. मी तशी भिंतीर रवचंय नाय."

आणि फोटो काढायचा मी. कारण घरात कॅमेरा माझा होता आणि त्या कॅमेऱ्यावर सासूबाईंचा विश्वास बसला होता. तो कसा बसला, ही एक वेगळीच मौज आहे.

मी शिवणकाम करते. धामापूरच्या अलीकडे आमचं गाव आहे, पडवीत माझं मशीन आहे, आणि आजूबाजूच्या तीन वाड्यांतल्या बायकांचे ब्लाउज माझ्या हातून गेलेले आहेत. गेल्या वर्षी मुलीने पुण्यात नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्या मशीनवर ठेवून गेली. मी एकावन्न वर्षांची. तोवर कात्रीशिवाय कुठलीही वस्तू मी एवढ्या रुबाबात धरलेली नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी चारशे फोटो काढले. जास्वंद काढली, कोंबड्या काढल्या, कोंबडीच्या मागे धावणारी माझी स्वतःचीच सावली काढली. सूर्यास्त तर इतके काढले, की सूर्याला माझी ओळख पटली असावी.

मग ते सगळं घेऊन मी मास्तरांकडे गेले. मास्तर आमच्याच गावात ख्रिस्ती वाडीत राहतात. मालवणच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लोकांच्या हातात फोन आले आणि त्यांनी स्टुडिओ बंद केला. त्यांना मास्तर का म्हणतात कोणालाच माहीत नाही, त्यांनी कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. त्यांची बायको गोव्याची, तिचे ड्रेस मी शिवते. तिने माझ्यासमोर दोदोलच्या गोड वड्यांची बशी ठेवली. मास्तरांनी एकेक करून चारशेही फोटो पाहिले. मी कौतुकाची वाट बघत सरळ बसले होते. सगळे पाहून झाल्यावर त्यांनी दोदोलचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश संपवला आणि म्हणाले, "बाय, समुद्र सांडता."

मी पुन्हा पाहिलं. खरंच की. माझ्या प्रत्येक सूर्यास्तात अरबी समुद्र डावीकडे कलंडला होता आणि सगळं पाणी देवबाग गावात जाणार होतं.

मास्तर शिकवायला तयार झाले, पण त्यांच्या पद्धतीने. त्यांची अर्धी हयात रिळावर गेली, म्हणून नियम असा, की दिवसाला एकच फोटो. आवडला नाही तरी पुसायचा नाही. फूल नाही, सूर्य नाही. आणि महिनाभर एकच वस्तू, रोज सकाळी आठ वाजता, एकाच जागेवरून. वस्तूही त्यांनीच ठरवली. आमच्या घराशेजारचा गडगा.

गडगा म्हणजे चिरे आणि दगड नुसते एकावर एक रचून केलेला बांध. आमच्या आणि चुलतदिरांच्या जमिनीच्या मधे तो आहे. मी नाराज झाले. जगात ताजमहाल असताना माणसाने गडगा का काढावा? पण रोज आठ वाजता स्वयंपाकघराच्या पायरीवर स्टूल ठेवून, त्यावर कॅमेरा ठेवून, एक डोळा मिटून मी उभी राहू लागले. थोडा अभिनयही करायचे, खोटं कशाला बोलू. मान तिरकी करायची, हाताची चौकट करून बघायचं, एक पाऊल मागे जायचं. वाडीतल्या बायका विहिरीवर जाताना थांबायच्या. कोणीतरी नवऱ्याला विचारलंसुद्धा, की वहिनीला बरं वाटतंय ना.

पण सातव्या-आठव्या दिवशी एक गंमत झाली. मला दिसायला लागलं. आठ वाजता ऊन बाजूने येतं, त्यामुळे प्रत्येक दगडाला आपापली सावली मिळते, शेवाळाची लव न् लव उभी राहते. तेच अकरा वाजता ऊन डोक्यावर चढलं की गडगा पावडर थापलेल्या तोंडासारखा सपाट होतो. मी धावत मास्तरांना हे सांगायला गेले. पायात एक चप्पल माझी आणि एक नवऱ्याची होती. मास्तर म्हणाले, आता शिकायला सुरुवात झाली.

इकडे चुलतदीर बेचैन झाले होते, हे मला कळलं नाही. ते रोज आठ वाजता त्यांच्या बाजूने दात घासत यायचे आणि बराच वेळ घासायचे. एकदा त्यांनी विचारलं, काय चाललंय. मी खरं ते सांगितलं, की रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून गडग्याचा फोटो काढायचा आहे, एकही पुसायचा नाही, सगळे तारखेनिशी ठेवायचे आहेत. आता आमच्याकडे कोणी हद्दीच्या गडग्याचे रोज तारखेनिशी फोटो काढत असेल, तर त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो कलेशी संबंधित नसतो. भावोजींच्या तोंडातला ब्रश तसाच राहिला.

महिना संपल्यावर तीस फोटो घेऊन मी मास्तरांकडे गेले. त्यांनी ते टीव्हीवर लावले आणि एकामागून एक सरकवले. मग पुन्हा पहिल्यापासून. मग उलटे. मी ऊन आणि सावलीवर बोलत होते, भाषण चांगलं रंगलं होतं.

"बाय," मास्तर मधेच म्हणाले, "तुझो गडगो चलता."

मी म्हटलं, काहीतरीच. त्यांनी पहिला आणि तिसावा फोटो शेजारी शेजारी लावला. पहिल्या फोटोत एक पोफळ गडग्याच्या पलीकडे, भावोजींच्या हद्दीत उभी होती. तिसाव्या फोटोत तीच पोफळ आमच्या बाजूला होती. पोफळ हललेली नव्हती. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात, दुपारी सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, भावोजींनी एकेक दगड उचलून गडगा मूळ जागी नेऊन ठेवला होता. सासूबाई अकरा वर्षं ओरडून सांगत होत्या, की गडगा सरकवलाय. आम्ही सगळे त्यांना म्हणायचो, तुम्हाला भास होतो. आणि मी! तीस दिवस मी त्या गडग्यासमोर एक डोळा मिटून उभी होते, सावल्या मोजत होते, आणि गडगा दोन हात चालत गेला तरी मला पत्ता नाही. मास्तरांची बायको हसून हसून खुर्चीतून घसरली. मास्तर मात्र शांतपणे म्हणाले, की उजेड दिसायला लागला ही चांगली गोष्ट, आता वस्तूपण बघायला शीक.

सासूबाईंनी बातमी ऐकली, पदर खोचला आणि जाऊन त्या पोफळीला थोपटलं, हरवलेलं वासरू गोठ्यात आल्यावर थोपटावं तसं. मग कॅमेऱ्याकडे वळून त्याला हात जोडले. "ह्या मशीनीत सत आसा," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात कॅमेऱ्याची जागा देवघराशेजारच्या फळीवर.

म्हणून फोटोचं काम माझ्याकडे आलं, आणि तिथे माझी अब्रू गेली.

पहिल्यांदा त्या ठेवणीतलं लुगडं नेसून अंगणात खुर्चीवर बसल्या. मी कॅमेरा उचलला मात्र, त्यांचे हात गुडघ्यांवर गेले, मान ताठ झाली, डोळे मोठे झाले. रक्त तपासायला बसल्यासारख्या दिसत होत्या. फोटो पाहून त्या म्हणाल्या, ही मी नाही, ही तुझ्या सासऱ्यांची चोरीतली जोडीदारीण आहे. दुसऱ्या वेळी मी त्यांना हसवायचं ठरवलं. त्यांना पुढचे दात नाहीत आणि ते दिसू द्यायचे नव्हते, म्हणून त्यांनी ओठ घट्ट आवळून हसू दाबलं; फोटोत पोटात कळ आल्यासारखं दिसलं. तिसऱ्या वेळी मी चोरून काढला, त्या आडाळ्यावर, म्हणजे खवणीच्या विळीवर, बसून नारळ खवत असताना. हा फोटो मला फार आवडला. त्यांनी विचारलं, भिंतीवर आडाळ्यावर बसून राहायचं का मी, आणि ते खोबरं कोणाला वाढायचं?

चौथ्यांदा मी खर्चात पडले. रिक्षा करून त्यांना धामापूरला नेलं, भगवतीचं दर्शन घडवलं, तलावाच्या काठी उभं केलं. मागे पाणी, पाण्यात झाडं, झाडांत ऊन. सासूबाईंनी फोटो हातात धरला आणि बराच वेळ पाहिला. मला वाटलं, जमलं.

"तळी बरी इली," त्या म्हणाल्या. "तिचोच टांग."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या थापत असताना मागून भांडं पडल्याचा आवाज आला. सासूबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. घामाने कपाळ निथळत होतं, हात बरगडीखाली दाबलेला. मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी माझं पिठाचं मनगट पकडलं आणि इतकं आवळलं, की मला बांगडी रुतली. कळ पुष्कळ वेळ राहिली. मी पहिल्यांदाच घाबरले. नवरा भाड्याची गाडी आणायला धावला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि या वेळी चष्मा न पुसता सांगितलं, की पंधरा दिवसांच्या आत हे झालंच पाहिजे, पुढच्या वेळी भलतंच होईल. सासूबाईंनी मान हलवली. गाडीत बसल्यावर मला म्हणाल्या, "पंधरा दिस आसत तुका."

मी त्यांना घरी सोडलं आणि तशीच मास्तरांकडे गेले. रडले की भांडले ते आठवत नाही, दोन्ही थोडं थोडं केलं असावं. म्हटलं, तुम्ही जन्मभर हेच केलंत, तुम्हीच काढा, मी कॅमेरा कपाटात टाकते. मास्तरांनी ऐकून घेतलं.

"माझ्यासमोर ती देवळात बसल्यासारी बसतली," ते म्हणाले. "तुका ती रोज बोलता. ताच तोंड व्हया."

मग मला म्हणाले, उद्या पहाटे तोंडवळीला चल. रापण आहे. आणि कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायचा नाही.

रापण म्हणजे खूप मोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकतात आणि मग किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा त्याची दोन टोकं ओढत राहतात, तास-दीड तास. आम्ही पोचलो तेव्हा ओढणं चालू होतं. मास्तर वाळूत छत्री उघडून बसले आणि मला म्हणाले, जा, दोरी धर. मी साडीचा पदर खोचून रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे एक धिप्पाड बाई होती. मी मधेच केसांची बट सारखी करायला हात सोडला, तर ती मागे न बघता म्हणाली, "दोरी ओढ गो बाये, केस मगे सारखे कर. हंय लगीन नाय तुझा."

ओढलं. पाय वाळूत गेले, तळहात सोलवटले. दोन्ही रांगांमधली सगळी तोंडं एकसारखी झाली होती, दात आवळलेले, कपाळ आठ्यांचं. फोटो काढला असता तर सगळी एकाच आईची पोरं वाटली असती. मग जाळं काठाला लागलं. कोणीतरी ओरडलं आणि सगळ्यांनी दोरी सोडली. मासळीकडे धावायच्या आधी एक क्षण असा आला, की प्रत्येकाने श्वास सोडला, खांदे खाली आले, आणि प्रत्येक तोंड आपापलं झालं. पुढची धिप्पाड बाई वळली. ती अजिबात धिप्पाड नव्हती, तिच्या गालाला खळी होती.

छत्रीखालून मास्तरांनी बोट केलं. "ओढताना सगळ्यांची तोंडा सारखीच. सोडताना बग."

आणि माझ्या डोक्यात असा काही लख्ख उजेड पडला, की मी वाळूतच टाळी वाजवली. हे तोंड मी रोज बघते! पंचवीस वर्षं बघते! माप घ्यायला टेप लावली की बाई पोट आत घेते, श्वास धरते, मान ताठ करते. टेप काढून घेतली की सगळं सैल पडतं, आणि मग ती खरं बोलते, बाही कुठे आवडली नाही ते. मी मास्तरांना म्हटलं, मला आत्ताच्या आत्ता घरी जायचंय. ते म्हणाले, थांब. दोरीला हात लावला त्याला मासळीचा वाटा मिळतो, तो न घेता गेलं तर लोकांना वाईट वाटतं. मी ओढलेल्या दोरीच्या वाट्याचे पेडवे मासे मास्तरांनी स्वतःच्या पिशवीत घेतले आणि मग आम्ही निघालो.

घरी पोचले तेव्हा साडेआठ वाजत होते. पडवीच्या दारातून ऊन तिरकं येत होतं. मी मशीनवर कापडाचे गठ्ठे रचून कॅमेरा सासूबाईंच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवला, दाराजवळच्या जागेवर फोकस बांधून घेतला आणि वर एक कापड टाकलं, लेन्स तेवढी मोकळी. मग हाक मारली, की आई, दुखण्याने अंग उतरलंय, नवा ब्लाउज बेतते, माप द्या.

त्या आल्या आणि मला हव्या त्या जागी उभ्या राहिल्या, कारण माप द्यायला त्या कायम तिथेच उभ्या राहतात. पाठ मोजली, खांदा मोजला, मुंढा मोजला. पोट आत, श्वास वर, मान ताठ. मागच्या ब्लाउजची बाही कशी आखूड झाली होती ते चालू होतं. मी एक एक माप मोठ्याने बोलत होते. मग टेप ओढून घेतली, एक पाऊल मागे मशीनपाशी गेले आणि म्हटलं, "झाला."

त्यांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं. आता हिची आणखी एक चूक काढायची आहे, आणि काढायला मजा येणार आहे, अशा नजरेने. मी बटण दाबलं.

"काढलंस?"

"काढलंय."

"एकच?"

"एकच."

त्यांनी चष्मा मागितला. कॅमेरा दोन्ही हातांनी धरून त्या दारात बसल्या. मी मशीनचा पाय उगाच हलवत राहिले.

"ही बाई भिंतीरसून पण सगळ्यांका धाकात ठेवतली," त्या शेवटी म्हणाल्या. "लाव फोन डॉक्टराक."

मी नाचले. वयाचा, गुडघ्यांचा, दारावरून जाणाऱ्या पोस्टमनचा काहीही विचार न करता पडवीत दोन गिरक्या घेतल्या.

फोटो मालवणला मोठा करून, काच लावून आणला. तो घरी ठेवायला सासूबाई तयार नव्हत्या. आपलं काही बरंवाईट झालं तर गडबडीत ही माणसं भलताच फोटो शोधून काढतील, म्हणून त्या तो टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून हॉस्पिटलात घेऊन गेल्या आणि कॉटशेजारच्या कपाटावर उभा केला. सिस्टर सलाईन लावायला आली. किती छान फोटो, म्हणाली, कोणाचा हो आजी?

"माझोच," सासूबाई म्हणाल्या. "मेल्यावरचो."

सिस्टरने ट्रे खाली ठेवला.

ऑपरेशन झालं. खडे डॉक्टरांनी छोट्या बाटलीत घालून दिले. दुसऱ्या दिवशी सासूबाई उठून बसल्या, तिसऱ्या दिवशी त्यांनी पेजेत मीठ कमी असल्याचं वॉर्डभर सांगितलं, आणि चौथ्या दिवशी मला घरून कॅमेरा आणायला पाठवलं. शेजारच्या कॉटवर जामसंड्याची एक आजी होती, तिचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. दोन दिवस तिची नजर त्या फोटोवरून हलत नव्हती. तिलाही तसाच हवा होता, आणि आजच हवा होता.

मी कॅमेरा घेऊन आले. खिडकी बघून तिची कॉट जरा वळवून घेतली. आजीने केस सारखे केले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि दगड झाली. माझी टेप घरी राहिली होती. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पोटाची पट्टी एका हाताने सांभाळत उशीवरून पुढे झाल्या.

"सोड ता," त्या आजीला म्हणाल्या. "तुझी सून कशी आसा गो?"

आजीने एक लांब श्वास सोडला, खांदे पाडले आणि डोळे मिचकावून बोलायला तोंड उघडलं. सासूबाईंनी मला खूण केली, आता.